बदली कधी करायची? फुटबॉलच्या मॅनेजरचं घड्याळ

परळला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर मंडळाची खोली आहे. गणपतीचे दिवस सोडले तर तिथे कॅरम चालतो, आणि मोठी फुटबॉल मॅच असेल त्या रात्री टीव्ही. दुसऱ्या मजल्यावरचे काका दाराजवळची खुर्ची पकडतात आणि मॅच पन्नाशी ओलांडते न ओलांडते तोच त्यांचं सुरू होतं, "अरे, काढा रे त्या दहा नंबरला! पाय उचलत नाहीये त्याचा." मॅनेजर तिकडे युरोपात. सत्तर मिनिटं होतात, ऐंशी होतात, मग कुठे बाजूला आकड्यांचा बोर्ड वर जातो. ताजा खेळाडू धावत आत येतो, संघ तरीही हरतो, आणि काका चपला शोधता शोधता म्हणतात, "साठाव्यालाच सांगत होतो."

त्याच दहा नंबरने सत्तराव्या मिनिटाला गोल मारला तर मात्र काकांना आधीचं बोलणं आठवत नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही आठवत नाही.

तरी काकांचा प्रश्न खोटा नाही. खेळाडू दमलाय हे परळच्या खोलीतून दिसतं, तर मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मॅनेजरला दिसत नसेल? मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा आणि डावपेच ठरवणारा मुख्य प्रशिक्षक. मॅच सुरू झाली की त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. ओरडता येतं, हातवारे करता येतात, आणि बदली करता येते. मग ती करायला तो इतका वेळ का लावतो?

पाच जण, तीन थांबे

बदली म्हटलं की आपल्याला आधी सरकारी नोकरी आठवते. फुटबॉलमधली बदली त्याहून कडक. साहेब दोन वर्षांनी गडचिरोलीहून परत येऊ शकतात, पण मोठ्या फुटबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या मॅचमध्ये परत येत नाही. रविवारी सकाळी टर्फवर खेळणाऱ्यांना हे जरा विचित्र वाटेल, कारण तिथे दम लागला की बाहेर, पाणी प्यायलं की आत.

आज बहुतेक मोठ्या स्पर्धांत ९० मिनिटांत पाच बदल्या करता येतात, पण त्यासाठी खेळ थांबवण्याची संधी तीनदाच मिळते. मध्यंतरात केलेली बदली या तिनांत धरत नाहीत. चर्चगेटहून सुटलेली फास्ट लोकल डोळ्यांसमोर आणा. पाच जणांना उतरवायचंय आणि गाडी दादर, वांद्रे, अंधेरी इथेच थांबणार आहे. दादरला एक आणि वांद्र्याला एक उतरवला, तर उरलेल्या तिघांना अंधेरीलाच उतरवावं लागणार, मग त्यांचं काम खारला का असेना. हल्ली एकदम दोन-तीन बदल्या होताना दिसतात त्या यामुळे. सामना बरोबरीत राहून जादा वेळेत, म्हणजे पुढच्या अर्ध्या तासात, गेला तर आणखी एक बदली आणि आणखी एक थांबा मिळतो.

ही चैन जुनी नाही. १९५६ साली एफए कप या इंग्लंडच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये मँचेस्टर सिटीचा गोलकीपर बर्ट ट्राउटमन मानेचं हाड मोडलेलं असताना शेवटपर्यंत गोलमध्ये उभा राहिला, कारण बदली हा प्रकारच नव्हता. इंग्लंडच्या लीगने १९६५ साली एका बदलीला परवानगी दिली, तीसुद्धा फक्त दुखापतीसाठी. वर्ल्डकपमध्ये बदल्या आल्या १९७० साली, आणि पहिला बदली खेळाडू होता सोव्हिएत संघाचा अनातोली पुझाच. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तीन बदल्या झाल्या. २०२० च्या मे महिन्यात, कोविडनंतर सामने दाटीवाटीने उरकायचे होते म्हणून पाच केल्या, आणि २०२२ मध्ये ते कायम झालं.

बर्फाची लादी

ससून डॉकवर पहाटे बर्फाच्या लाद्या उतरतात. लादी फोडून मासळीवर टाका किंवा बाजूला ठेवून द्या, ती वितळतच राहते. हातातली बदली तशीच असते. साठाव्या मिनिटाला आत गेलेल्या विंगरला, म्हणजे कडेने पळणाऱ्या खेळाडूला, अर्धा तास मिळतो. पंच्याऐंशीव्याला गेलेल्याला पाच मिनिटं आणि वाया गेलेल्या वेळेची रेफरी देईल ती भरपाई. न वापरलेल्या बदलीला शिट्टी वाजल्यावर काडीची किंमत नसते. पुढच्या सामन्यात ती जमा होत नाही.

असं असेल तर विसाव्या मिनिटालाच का करू नये? कारण सुरुवातीला उतरवलेला खेळाडू साधारणपणे बाकावरच्यापेक्षा सरस असतो आणि तोवर दमलेलाही नसतो. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर पळतो. त्यातलं साधं धावणं शेवटपर्यंत बऱ्यापैकी टिकतं. आटत जातात त्या पूर्ण वेगाच्या छोट्या दौडी, आणि गोल बहुधा त्यांच्यावरच होतात किंवा वाचतात. म्हणजे मॅनेजरपुढे दोन गोष्टी उलट्या दिशांनी सरकत असतात. समोरचा बचावपटू जितका दमेल तितका आपला ताजा माणूस जास्त धोकादायक, पण त्याच्या हातातला वेळ तितकाच कमी. या दोन्हींचा मेळ बसतो तो साठ ते पंच्याहत्तर मिनिटांच्या पट्ट्यात, आणि बऱ्याच बदल्या तिथेच होतात यात काही गूढ नाही.

क्रिकेटशी तुलना मुंबईत होणारच, तर करून टाकू. बुमराहची दोन षटकं शेवटासाठी राखून ठेवणारा कर्णधार आणि बदली राखून ठेवणारा मॅनेजर एकच काम करतायत असं वाटतं. तसं नाही. बुमराहचं षटक पहिलं असो की एकोणिसावं, सहा चेंडूंचंच असतं. फुटबॉलमध्ये षटक राखून ठेवलं की त्यातले चेंडूच कमी होत जातात.

मग राखून ठेवायचीच कशाला? याचं उत्तर चेल्सी या लंडनच्या क्लबचा तेव्हाचा मॅनेजर जोझे मोरिन्यो याने २००५ च्या फेब्रुवारीत स्वतःच्या खर्चाने दिलं. न्यूकॅसलविरुद्ध एफए कपच्या सामन्यात चेल्सी मध्यंतराला ०-१ मागे होती. त्याने तिन्ही बदल्या तिथल्या तिथे करून टाकल्या. दुसरा भाग सुरू होऊन काही मिनिटं झाली आणि वेन ब्रिजचा पाय मोडला. बदली उरली नव्हती, त्यामुळे उरलेला जवळजवळ सगळा वेळ चेल्सी दहा जणांनिशी खेळली आणि हरली. घरात अडीअडचणीसाठी ठेवलेले पैसे सणाला उडवावेत आणि दुसऱ्या दिवशी कोणाला तरी दवाखान्यात न्यावं लागावं, तसं झालं. तेव्हा बदल्या तीनच होत्या हेही खरं.

५८, ७३, ७९

बदलीची 'योग्य वेळ' सांगणारं एक संशोधन या विषयावर बोलणाऱ्यांच्या तोंडी नेहमी असतं. ब्रेट मायर्स या अमेरिकन प्राध्यापकाने २०१२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. युरोपातल्या मोठ्या लीग, अमेरिकेची लीग आणि २०१० चा वर्ल्डकप यांतल्या बदल्या तपासून त्याने सूत्र काढलं. संघ मागे असेल तर पहिली बदली ५८ व्या मिनिटाआधी, दुसरी ७३ व्याआधी आणि तिसरी ७९ व्याआधी करावी. संघ बरोबरीत किंवा पुढे असेल तर वेळेने फारसा फरक पडत नाही. सूत्र पाळणाऱ्या मागे पडलेल्या संघांनी सुमारे ४२ टक्के वेळा गोलांची तूट कमी केली. न पाळणाऱ्यांनी सुमारे २१ टक्के वेळा.

जवळजवळ दुप्पट! मी हे मंडळाच्या खोलीत सांगितलं तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर पद्मश्री मिळाल्यासारखं तेज आलं होतं.

ते फार टिकू नये म्हणून पुढचंही सांगतो. दहावीच्या क्लासचं उदाहरण घ्या. जून महिन्यातच क्लास लावणाऱ्या मुलांना दिवाळीनंतर लावणाऱ्यांपेक्षा जास्त मार्क मिळाले, तर ते क्लासमुळे मिळाले का? जूनमध्ये क्लास लावणाऱ्या घरात पैसे असतात, आईबाप मागे लागलेले असतात, पोरगंही बऱ्याचदा आधीपासून अभ्यासू असतं. तसंच, मागे पडल्यावर लवकर बदली कोण करतं? ज्याच्या बाकावरही तगडे खेळाडू बसलेत तो. असा संघ मुळात बलाढ्य असतो आणि बदली न करताही त्याने तूट भरून काढली असती, अशी शक्यता बरीच असते.

रजिता सिल्वा आणि टिम स्वार्ट्झ या दोन संख्याशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये संघांची ताकद हिशेबात धरून हे पुन्हा तपासलं. त्यांना दोन गोष्टी सापडल्या. एक, तुल्यबळ संघांत दुसऱ्या भागात मागे असलेल्या संघाचीच गोल करण्याची शक्यता जास्त असते. पुढे असलेला संघ आपल्या गोलपाशी गोळा होतो आणि मागे असलेला सगळी माणसं घेऊन चाल करतो, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे. दुसरी गोष्ट अशी की बदलीमुळे फायदा व्हायला लागतो असं दुसऱ्या भागात कुठलंही ठरावीक मिनिट त्यांना दिसलं नाही.

म्हणजे ५८ वर बोट ठेवून मॅनेजरला मूर्ख ठरवणं जमत नाही. माझं मत विचाराल तर मायर्सचे आकडे बाजूला ठेवले तरी बर्फाच्या लादीचा हिशेब उरतोच. मागे असाल, बाकावर बरा माणूस असेल आणि तो आज उतरणारच असेल, तर पंच्याहत्तराव्यापर्यंत थांबण्यासाठी काहीतरी कारण हवं. 'बघू अजून थोडं' हे कारण नव्हे.

मॅनेजर भित्रे असतात का?

थोडे असतात, आणि आपणही असतो. कुर्ल्याला स्लो गाडीत बसलात, गाडी हलत नाहीये, आणि पलीकडच्या फलाटावर फास्ट येतेय. पूल चढून पलीकडे गेलात आणि ती फास्ट पुढे सिग्नलला अडकली, तर दिवसभर स्वतःला शिव्या घालाल. बसूनच राहिलात आणि तितकाच उशीर झाला, तर शिव्या रेल्वेला. उशीर सारखाच, पण केलेल्या गोष्टीचं खापर आपल्यावर फुटतं, न केलेल्याचं नशिबावर.

याचं सगळ्यात प्रसिद्ध गिऱ्हाईक म्हणजे इंग्लंडचे अॅल्फ रॅम्सी. १९७० चा वर्ल्डकप, मेक्सिकोतलं लिऑन, उपांत्यपूर्व सामना, समोर पश्चिम जर्मनी. इंग्लंड २-० पुढे. भर उन्हात रॅम्सींनी ३२ वर्षांच्या बॉबी चार्ल्टनला बाहेर घेतलं, उपांत्य सामन्यासाठी त्याचे पाय वाचवायला. इंग्लंड २-३ हरलं. तेव्हापासून गोष्ट अशी सांगितली जाते की चार्ल्टन गेला, त्यामुळे त्याच्यावर नजर ठेवणारा बेकेनबाउअर मोकळा झाला आणि त्याने गोल मारला. प्रत्यक्षात बेकेनबाउअरचा गोल झाला तेव्हा चार्ल्टन मैदानावरच होता. तो बाहेर गेला त्यानंतर. पण इतकी नीट जुळणारी गोष्ट कोण सोडतो?

खेळाडूंचा मानही असतो. २०१९ च्या लीग कप फायनलमध्ये चेल्सीच्या केपा या गोलकीपरने बाहेर यायला सरळ नकार दिला आणि मॅनेजर सारी कडेला थयथयाट करत राहिले. बदली झालीच नाही. चेल्सी पेनल्टींच्या फेरीत, म्हणजे बरोबरी फोडायला दोन्ही संघ पाळीपाळीने मारतात त्या किकांवर, हरली.

एक्केचाळीसावं मिनिट

लवकर बदली करण्याची हिंमत कशी दिसते हे बघायचं असेल तर २०२२ ची वर्ल्डकप फायनल पुन्हा लावा, आणि यावेळी मेस्सीकडे नको, बाकांकडे बघा. फ्रान्स अर्जेंटिनाविरुद्ध ०-२ मागे होतं. मध्यंतर जवळ आलेलं असताना, म्हणजे ४१ व्या मिनिटाला, फ्रान्सचे मॅनेजर दिदिए देशाँ यांनी जिरू आणि देंबेले या दोघांना बाहेर काढलं आणि थुराम व कोलो मुआनी यांना आणलं. मध्यंतरापर्यंत थांबले असते तर दोघांचा चारचौघांत झालेला अपमान टळला असता. तरी थांबले नाहीत.

त्यानंतर जवळपास अर्धा तास काहीही झालं नाही. फ्रान्सला गोलपाशी धड पोचता येत नव्हतं. ७१ व्या मिनिटाला ग्रीझमनलाही बाहेर घेतलं आणि कोमान, कामाविंगा आले. मग ८० व्या मिनिटाला कोलो मुआनीला पाडल्याबद्दल पेनल्टी मिळाली. पुढच्याच मिनिटाला कोमानने मेस्सीकडून चेंडू हिसकावला, थुरामने एम्बापेला परत पास दिला, आणि २-२. दोन्ही गोल एम्बापेचे, पण दोन्हींच्या मागे बदली खेळाडू.

दरम्यान अर्जेंटिनाने ६४ व्या मिनिटाला दि मारियाला बाहेर काढलं होतं. पहिल्या भागात फ्रान्सची उजवी बाजू त्याने पार उसवून ठेवली होती. आघाडी जपायला त्याच्या जागी बचावाचा माणूस आला, आणि फ्रान्सला त्या बाजूची धास्ती उरली नाही.

मग देशाँ बरोबर आणि अर्जेंटिनाचे स्कालोनी चूक? थांबा. जादा वेळेच्या अगदी शेवटी कोलो मुआनी एकटा गोलकीपरसमोर आला आणि मार्टिनेझने पायाने चेंडू अडवला. पेनल्टींच्या फेरीत कोमानची पेनल्टी वाचवली गेली. तिकडे अर्जेंटिनाचा बदली खेळाडू मोंतिएल याच्या हाताला चेंडू लागून फ्रान्सला तिसरा गोल मिळाला होता, आणि वर्ल्डकप जिंकून देणारी शेवटची पेनल्टी मारली ती याच मोंतिएलने. एका सामन्यात एकाच बदलीला शिव्या आणि ओव्या दोन्ही. निकाल पाहून निर्णयाला मार्क द्यायचे ठरवले तर त्याला किती द्याल?

त्याच वर्ल्डकपमधल्या जपानचं मला जास्त कौतुक वाटतं. जर्मनीविरुद्ध ते ०-१ मागे होते. त्यांचे मॅनेजर मोरियासू यांनी मध्यंतरापासूनच ताजी माणसं ओतायला सुरुवात केली, आणि दोआन व आसानो या दोन बदली खेळाडूंच्या गोलांवर जपान २-१ जिंकलं. स्पेनविरुद्ध पुन्हा तेच. दोआन आणि मितोमा मध्यंतरानंतर आले आणि सहा मिनिटांत दोन गोल. एकदा झालं तर नशीब म्हणता येतं. दोनदा झालं तेव्हा वाटलं की चांगली माणसं दुसऱ्या भागासाठी मुद्दाम मागे ठेवली होती. अशा बदलीत घाबरून केलेली दुरुस्ती नसते, सामन्याच्या आदल्या रात्रीच ती बहुधा कागदावर उतरलेली असते.

शेवटच्या मिनिटाची बदली म्हणजे वेळकाढूपणाच ना?

बऱ्याचदा हो. एका गोलाने पुढे असलेला संघ ९० व्या मिनिटानंतर बदली करतो तेव्हा बाहेर जाणारा खेळाडू लग्नाच्या वरातीच्या चालीने निघतो. म्हणून २०१९ पासून नियम आहे की जी सीमारेषा जवळ असेल तिथून बाहेर पडायचं.

पण फक्त पेनल्टींसाठी केलेली बदली वेगळी. २०१४ च्या वर्ल्डकपमध्ये नेदरलँड्सच्या लुई व्हान खाल यांनी कोस्टा रिकाविरुद्ध जादा वेळ संपता संपता गोलकीपरच बदलला. टिम क्रुल आला, दोन पेनल्टी अडवल्या, संघ उपांत्य फेरीत. तिथे अर्जेंटिनाविरुद्ध पुन्हा पेनल्टींची वेळ आली, तर तिन्ही बदल्या संपलेल्या. क्रुल बाकावरून बघत राहिला आणि नेदरलँड्स हरलं. २०२१ च्या युरो फायनलमध्ये इंग्लंडच्या साउथगेटनी रॅशफर्ड आणि सांचो यांना असंच शेवटच्या क्षणी, पेनल्टी मारण्यासाठी आणलं. दोघांच्याही हुकल्या. धड घाम न आलेल्या पायांनी इतकी जड किक मारायला लावणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण २०२२ मध्ये अर्जेंटिनाने दिबालाला तसंच आणलं आणि त्याने शांतपणे गोल केला, त्यामुळे मी फार जोरात बोलत नाही.

पाच मिळाल्यावर भांडण मिटलं?

उलट नवं लागलं. पाच बदल्यांचा फायदा ज्याच्या बाकावर पाच चांगले आहेत त्याला. म्हणून इंग्लंडची प्रीमियर लीग २०२०-२१ च्या मोसमात परत तीनवर आली होती. छोट्या क्लबांचा पाचला विरोध होता, आणि पाच कायम झाल्या त्या २०२२-२३ पासून. मॅनेजरच्या दृष्टीनेही काम सोपं झालेलं नाही. दहापैकी पाच मैदानी खेळाडू, म्हणजे अर्धा संघ, बदलता येतो. मोरिन्योसारखी फजिती आता सहज होत नाही, त्यामुळे साठाव्याला थांबून राहण्याची सबबही गेली.

काकांच्या साठाव्या मिनिटाचं काय करायचं हा प्रश्न आमच्या खोलीत माझ्या भाचीने सोडवला. या मोसमात तिने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे दोन रकाने आखलेत. काका "काढा त्याला" म्हणाले की ती मिनिट आणि खेळाडूचा नंबर लिहिते, आणि त्या खेळाडूने पुढे काय केलं ते दुसऱ्या रकान्यात. पहिल्याच रात्री काकांनी ५४ व्या मिनिटाला ज्याला काढायला सांगितलं, त्याने ७७ व्याला गोल केला. भाचीने तो लिहिला. काकांनी चष्मा लावून कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाले, तो गोल समोरच्याच्या पायाला लागून गेला होता, तो धरायचा नाही. त्यावर अजून चर्चा चालू आहे.